मदत कोठे आहे, हे कोण सांगणार?

विद्यार्थी अडला तर त्याने पुस्तक पाहावे, असे आपण शिक्षक नेहमी सांगतो. पण पुस्तक कोणत्या कपाटात आहे हेच त्याला ठाऊक नसेल तर? आणि कपाटाचा पत्ता त्याच पुस्तकाच्या एका पानावर छापलेला असेल तर? प्रश्न गमतीचा वाटतो. परंतु संगणकावर रोज वापरल्या जाणाऱ्या अनेक साधनांना तो खरोखरच सोडवावा लागतो, आणि त्यांनी तो कसा सोडवला आहे हे पाहिले की चांगले स्पष्टीकरण कसे असावे याविषयीही काही शिकता येते.

परीक्षण सहसा छापील पुस्तकांचे होते. संगणकाच्या प्रोग्रामसोबत जे मदतपुस्तक येते, त्याचे परीक्षण कोणी करीत नाही. वास्तविक ते वाचणाऱ्याची गरज अधिक निकडीची असते, कारण तो अडलेला असतो. म्हणून या लेखात आम्ही 'व्हिम' नावाच्या टेक्स्ट एडिटरच्या मदतपुस्तकातील एक छोटासा भाग परीक्षणासाठी घेतला आहे. व्हिम स्वतःचे मदतपुस्तक कसे शोधतो, याचे वर्णन त्या भागात आहे.

व्हिम हा मोफत मिळणारा, मुक्त स्वरूपाचा एडिटर आहे. त्याचा पूर्वज 'व्हीआय' हा बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास अमेरिकेत बर्कली येथे लिहिला. नेदरलँड्समधील ब्राम मूलेनार यांनी त्याच धर्तीवर व्हिम लिहिला आणि १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली. मूलेनार यांचे ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झाले. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये निघालेली ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्स असेल तर त्यावर व्हिम किंवा त्याचा लहान अवतार बहुधा असतोच. इंटरनेट बंद असले तरी संगणकाबरोबर आलेले मदतपुस्तक मात्र हाताशी असते. म्हणून ते सापडणे न सापडणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत टंकावी लागतात.

परिसर-चल म्हणजे काय?

बीजगणितात 'चल' म्हणजे ज्याची किंमत बदलू शकते असे अक्षर. संगणकातही चल असतात. त्यांतील काही चल एखाद्या प्रोग्रामच्या आत नसतात, तर प्रोग्राम ज्या परिसरात चालतो त्या परिसराचे असतात. इंग्रजीत त्यांना 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणतात. आपण 'परिसर-चल' म्हणू. ही कल्पना युनिक्स या प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत आली आणि आज लिनक्स, विंडोज, मॅक या सर्वांत आहे.

परिसर-चल म्हणजे एक नाव आणि एक किंमत. उदाहरणार्थ, 'होम' या चलाची किंमत म्हणजे वापरणाऱ्याच्या फोल्डरचा पत्ता. किंमत वाचायची असली की नावापुढे डॉलरचे चिन्ह लावतात. टर्मिनलवर 'इको डॉलर-होम' असे टंकले की तो पत्ता समोर येतो.

या चलांचा एक गुण येथे महत्त्वाचा आहे. एक प्रोग्राम जेव्हा दुसरा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा पहिल्याला पालक व दुसऱ्याला अपत्य म्हणतात. पालकाकडे असलेल्या सर्व परिसर-चलांची एक प्रत अपत्याला मिळते. अपत्याने आपल्या प्रतीत काही बदल केला तर तो पालकाकडे परत जात नाही. मात्र अपत्याने पुढे स्वतः एखादा प्रोग्राम सुरू केला तर त्या नातवंडाला बदललेली प्रत मिळते.

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना येथे लामार्कची आठवण होईल. जिराफाने आयुष्यात ताणून लांब केलेली मान पिल्लांत उतरते, ही लामार्कच्या विचाराची पाठ्यपुस्तकी आवृत्ती आपण वर्गात सांगतो आणि ती का टिकली नाही हेही सांगतो. संगणकातील प्रोग्रामांच्या बाबतीत मात्र ती अगदी बरोबर आहे. आयुष्यात मिळवलेला गुण येथे पुढच्या पिढीत उतरतो. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे आमच्या मुख्य आक्षेपाचे मूळ येथेच आहे.

शोधाचा क्रम

व्हिमच्या मदतीसाठी दोन परिसर-चल आहेत. एक 'डॉलर-व्हिम' आणि दुसरे 'डॉलर-व्हिमरनटाइम'. पहिले चल वापरणाऱ्याच्या किंवा त्या संगणकाच्या स्वतःच्या फाइलींसाठी, तर दुसरे एडिटरबरोबर आलेल्या फाइलींसाठी आहे. मदतपुस्तक, शब्दांना रंग देण्याचे नियम, नवशिक्यांसाठीचा 'व्हिमट्यूटर' हा पाठ, हे सर्व दुसऱ्या चलाने दाखवलेल्या फोल्डरात असते. ही विभागणी ५.४ या आवृत्तीपासून आली. वापरणाऱ्याचा मजकूर वेगळा व कारखान्यातून आलेला मजकूर वेगळा ठेवला म्हणजे नवी आवृत्ती घालणे सोपे जाते, आणि एकाच संगणकावर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम आहे.

आता शोध कसा चालतो ते पाहू. डॉलर-व्हिमची किंमत ठरवताना प्रथम ते चल आधीच भरलेले आहे का, ते पाहिले जाते. भरलेले नसेल तर 'हेल्पफाइल' नावाच्या पर्यायात दिलेला मार्ग घेतला जातो. मात्र त्या मार्गात पुन्हा एखादे परिसर-चल असेल तर तो सोडून दिला जातो. मार्ग घेतला तर त्यातून फाइलचे नाव आणि शेवटची काही ठरावीक फोल्डरे वगळून उरलेला भाग किंमत म्हणून वापरतात. तेही जमले नाही तर विंडोजवर प्रोग्राम स्वतः ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर पाहिले जाते. युनिक्सवर प्रोग्राम तयार करताना त्याच्या आत कोरून ठेवलेली जागा वापरली जाते.

डॉलर-व्हिमरनटाइमचा क्रम पाच पायऱ्यांचा आहे. एक, ते चल आधीच भरलेले असेल तर तीच किंमत घ्यावी. दोन, डॉलर-व्हिमच्या खाली 'व्हिम' आणि आवृत्तीचा आकडा अशा नावाचे फोल्डर अस्तित्वात असेल तर ते घ्यावे, ९.१ आवृत्तीसाठी हे नाव 'व्हिम९१' होते, टिंब गळते. तीन, 'रनटाइम' नावाचे फोल्डर अस्तित्वात असेल तर ते घ्यावे. चार, जुन्या आवृत्त्यांशी जुळावे म्हणून डॉलर-व्हिमचीच किंमत घ्यावी. पाच, हेल्पफाइलच्या मार्गात डॉलरचे चिन्ह नसेल तर त्याच्या शेवटचा भाग काढून उरलेला घ्यावा.

एकदा पत्ता ठरला की पुढचे काम सोपे असते. त्या फोल्डरात 'डॉक' नावाचे फोल्डर, त्यात मदतीच्या फाइली, आणि 'टॅग्ज' नावाची एक सूची असते. सूचीच्या प्रत्येक ओळीत एक शब्द, तो ज्या फाइलीत आहे तिचे नाव, आणि त्या फाइलीत शोधायची खूण असते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसाच हा प्रकार. मदत मागितली की एडिटर सूची पाहतो, फाइल उघडतो आणि नेमक्या ओळीवर नेऊन सोडतो. मदतीच्या फाइली साध्या मजकुराच्या आहेत आणि त्या दाखवणारा एडिटर तोच आहे.

वर्तुळ आणि ते तोडण्याची जागा

वरील वर्णन काळजीपूर्वक वाचणाऱ्याला एक गोष्ट खटकेल. हेल्पफाइल या पर्यायाची मूळ किंमत डॉलर-व्हिमरनटाइमवरून ठरते. डॉलर-व्हिमरनटाइम हे डॉलर-व्हिमवरून ठरते. आणि डॉलर-व्हिम हे हेल्पफाइलवरून! फळ्यावर तीन चौकोन काढून बाण जोडले तर वर्तुळ पूर्ण होते. मदतपुस्तकाच्या लेखकालाही हे ठाऊक आहे. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा प्रश्न असल्याचे त्याने कंसात नमूद केले आहे.

विज्ञानात अशी वर्तुळे नवी नाहीत. न्यूटनने वस्तुमानाची व्याख्या घनता व आकारमान यांवरून केली. त्यावर एर्न्स्ट माख यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यंत्रशास्त्रावरील ग्रंथात आक्षेप घेतला की घनतेची व्याख्या करायला वस्तुमानच लागते, मग यातून काय हाती आले? अशा वर्तुळातून बाहेर पडायचे तर कोठेतरी बोट दाखवून 'हे घ्या' असे म्हणावे लागते. किलोग्रॅमच्या बाबतीत १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलाकडे बोट दाखवले जात होते. २० मे २०१९ पासून दंडगोलाची जागा प्लांकच्या स्थिरांकाने घेतली.

व्हिममध्ये बोट दाखवण्याची ही जागा म्हणजे प्रोग्रामच्या आत कोरलेला पत्ता होय. हेल्पफाइलच्या मार्गात चल असेल तर तो सोडा, या नियमाने वर्तुळ एका ठिकाणी कापले जाते आणि शोध कोरलेल्या पत्त्याशी येऊन थांबतो. विंडोजवर हीच जागा 'मी जेथे आहे ते फोल्डर' ही असते. दोन्ही उपायांची किंमत निरनिराळी आहे. कोरलेला पत्ता पक्का असतो, पण फाइली दुसरीकडे हलवल्या की तो खोटा ठरतो. स्वतःच्या जागेवरून शोधणारा प्रोग्राम फाइलींसकट कोठेही हलवता येतो, पण प्रोग्राम एका फोल्डरात आणि त्याची सामग्री दुसऱ्याच फोल्डरात अशी युनिक्सची पद्धत असल्याने तेथे हा उपाय पुरत नाही. मदतपुस्तकाने ही तुलना दोन वाक्यांत केली असती तर पायऱ्यांचा क्रम पाठ करावा लागला नसता, तो समजला असता.

मजकुराचे गुण आणि दोष

प्रथम गुण. क्रम स्पष्ट सांगितलेला आहे. कोणती पायरी कशासाठी, हे काही ठिकाणी सांगितले आहे. हे चल सामान्यतः स्वतः भरू नका, एडिटरला शोधू द्या, असा हिताचा सल्लाही आहे. कित्येक साधनांच्या मदतपुस्तकांत एवढेही नसते.

आता दोष. पहिला दोष मांडणीचा. पाच पायऱ्यांची यादी संपल्यावर एक अपवाद येतो: युनिक्सवर या चलाचा पत्ता आत कोरलेला असेल तर दुसरी, तिसरी व चौथी पायरी वगळावी आणि कोरलेला पत्ता पाचव्या पायरीनंतर वापरावा. म्हणजे वाचकाने आताच शिकलेली यादी मनातल्या मनात पुसून पुन्हा लिहायची. येथे दोन स्वतंत्र याद्या द्यायला हव्या होत्या. प्रयोगाची कृती लिहिताना 'पाच पायऱ्या करा; मात्र तापमान कमी असल्यास मधल्या तीन करू नका' असे आपण शेवटी लिहीत नाही. लिहिले तर मुले मधल्या तीन आधीच करून मोकळी होतात.

दुसरा दोष, लक्षणे दिलेली नाहीत. पत्ता चुकला तर वाचकाला पडद्यावर काय दिसेल, हे या भागात नाही. उलट, हे चल रिकामे ठेवू नका, काही गोष्टी चालेनाशा होतील, असा इशारा आहे. कोणत्या गोष्टी? का? उत्तर नाही. कारण न सांगता दिलेला इशारा पाळला जातो किंवा विसरला जातो, समजला मात्र जात नाही.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो शब्दांच्या निवडीत लपलेला आहे. दुसऱ्या व तिसऱ्या पायरीत फोल्डर 'अस्तित्वात असेल तर' असे शब्द आहेत. पहिल्या पायरीत ते नाहीत. तेथे फक्त चल भरलेले असेल तर ते वापरले जाते, एवढेच आहे. म्हणजे एडिटर स्वतःचा अंदाज पडताळून पाहतो, पण बाहेरून मिळालेली किंमत पडताळल्याशिवाय स्वीकारतो. यामागे एक विचार आहे: चल भरणारा माणूस जाणता असणार, त्याच्या शब्दाला मान द्यावा. विचार वाईट नाही. पण चल माणसानेच भरले, हे कशावरून?

येथे लामार्ककडे परत येऊ. पत्ता शोधून झाल्यावर व्हिम दोन्ही चलांत तो स्वतःच भरून ठेवतो. मदतपुस्तक हे सांगते. पण त्याचा परिणाम काय होतो, हे तेथे सांगितलेले नाही. परिणाम असा की, व्हिमच्या आतून सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ती चले वारशाने मिळतात. २०१४ मध्ये व्हिममधून 'निओव्हिम' नावाची एक शाखा फुटली. तिनेही हीच दोन नावे ठेवली आहेत. निओव्हिमच्या काही आवृत्त्यांत, एखाद्याने आतील टर्मिनलमधून व्हिम सुरू केला तर व्हिमला डॉलर-व्हिमरनटाइम आधीच भरलेले दिसते, पहिल्याच पायरीवर शोध थांबतो, आणि व्हिम निओव्हिमच्या फाइली उघडू लागतो. मदत भलत्याच एडिटरची येते आणि काही वेळा त्रुटींचे संदेशही येऊ लागतात. ही अडचण दोन्ही एडिटर वापरणाऱ्यांच्या परिचयाची आहे.

यात कोणताही एक नियम चुकीचा नाही. माणसाच्या शब्दाला मान देणे योग्य आहे. सापडलेला पत्ता पुढे वापरण्यासाठी लिहून ठेवणेही योग्य आहे. दोन्ही एकत्र आले की घोटाळा होतो, कारण परिसर-चलात किंमत असते, पण ती कोणी लिहिली याची नोंद नसते. प्रयोगवहीत आकडा आहे, पण तो कोणत्या उपकरणाने, कोणी, केव्हा घेतला हे नाही. अशा आकड्याचे आपण काय करतो? त्यावर निष्कर्ष काढत नाही. व्हिम काढतो.

मदतीची मुख्य फाइल सापडली नाही तर, माफ करा, अमुक फाइल सापडली नाही, असा संदेश व्हिम देतो. त्यात फाइलचा मार्ग असतो, ही चांगली गोष्ट. आमची मागणी आणखी एका वाक्याची आहे: हा मार्ग परिसरातून आला की आत कोरलेला आहे, हे त्या संदेशात असावे. एवढ्याने अडलेल्या माणसाचा तासभर वाचेल.

रिकाम्या कपाटातली चिठ्ठी

मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. हे सारे ज्या फाइलीत लिहिले आहे ती फाइल त्याच 'डॉक' फोल्डरात आहे. पत्ता चुकला की पत्ता कसा शोधावा हे सांगणारे पानही नाहीसे होते. मग उपाय काय?

उपाय आहेत, पण ते विखुरलेले आहेत. व्हिममध्ये 'व्हर्जन' ही आज्ञा दिली की आवृत्तीच्या माहितीबरोबर आत कोरलेला पत्ताही दिसतो. ही माहिती प्रोग्रामच्या पोटात असल्याने फाइली हरवल्या तरी ती हरवत नाही. लिनक्समधील 'मॅन' या आज्ञेने दिसणाऱ्या पानातही मदतीच्या फाइलींची जागा दिलेली असते. मात्र व्हिम उघडल्यावर जो पहिला पडदा दिसतो, त्यावर मदतीसाठी 'हेल्प' टंका, एवढेच आहे. हेल्प चालले नाही तर 'व्हर्जन' पाहा, हे तेथे सांगितलेले नाही.

इतरांनी काय केले आहे तेही पाहावे. 'नॅनो' या साध्या एडिटरची मदत प्रोग्रामच्या पोटातच आहे. कंट्रोल व जी या कळा दाबल्या की ती येते. ती थोडी आहे, पण हरवत नाही. 'ईमॅक्स' या मोठ्या एडिटरमध्ये मदत बाहेरच असते आणि तिच्या निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळी चले आहेत. त्यांपैकी 'इन्फोपाथ' या चलात फोल्डरांची यादी देतात. युनिक्सवर यादीच्या शेवटी अपूर्णविरामाचे चिन्ह ठेवले तर ईमॅक्स आपल्या नेहमीच्या जागाही यादीत जोडतो; चिन्ह गाळले तर जोडत नाही. दोन टिंबांवर सारे पुस्तक दिसणे न दिसणे अवलंबून! ही चतुराई जाणकारांना आवडेल, नवशिक्याला मात्र ती कळण्याचा मार्ग नाही.

आम्हाला सर्वांत आवडलेला उपाय डेबियन या लिनक्स वितरणाचा आहे. त्यातील 'व्हिम-टायनी' या लहान अवतारात पूर्ण मदतपुस्तक नसते. पण त्या जागी एक छोटी फाइल ठेवलेली असते. मदत मागितली की तीच उघडते आणि सांगते की पूर्ण पुस्तक 'व्हिम-रनटाइम' या पॅकेजमध्ये आहे, ते बसवा. कपाट रिकामे आहे, पण पुस्तक कोठे मिळेल याची चिठ्ठी त्यात आहे. काम थोडे, पण ते करणाऱ्याने अडलेल्या वाचकाच्या जागी उभे राहून विचार केला आहे.

मराठी वाचकाचे काय?

व्हिमच्या मदतपुस्तकाची भाषांतरे करता येतात. इंग्रजी फाइलीशेजारी दुसऱ्या भाषेची फाइल ठेवायची. तिच्या नावाच्या शेवटी भाषेची दोन अक्षरी खूण आणि एक्स असे जोडायचे. मराठीसाठी ते 'एमआरएक्स' होईल. कोणती भाषा आधी पाहावी हे 'हेल्पलँग' या पर्यायाने ठरते, आणि तो भरलेला नसेल तर संगणकाच्या संदेशांच्या भाषेवरून, म्हणजे पुन्हा एका परिसर-चलावरून ठरतो. त्या भाषेत पान नसेल तर शेवटी इंग्रजी पान उघडते. मदतपुस्तकात भाषांतरांची जी यादी आहे तीत चिनी, फ्रेंच, इटालियन, जपानी, पोलिश, रशियन या भाषा आहेत. भारतीय भाषा एकही नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी तेथे एक सूचना आहे, ती परिभाषेच्या वादात पडणाऱ्या आपणा सर्वांना विचार करायला लावणारी आहे. शोधशब्दांचे भाषांतर करू नका. हवे तर आपल्या भाषेतील नवे शब्द त्यांच्या जोडीला द्या, असे ती सांगते. म्हणजे दुवा तुटत नाही आणि भाषाही येते. मराठी विज्ञानलेखनात एकीकडे सर्वच इंग्रजी शब्द ठेवण्याचा आळस आणि दुसरीकडे सर्वच बदलण्याचा हट्ट, असे दोन्ही आपण पाहतो. मूळ शब्द दुव्यासाठी आणि मराठी शब्द समजण्यासाठी, हा मध्यममार्ग कामाचा आहे.

हे काम एकदम साऱ्या पुस्तकाचे करावे, असे आमचे म्हणणे नाही. टर्मिनलमध्ये देवनागरीची जोडाक्षरे नीट दिसतीलच असेही नाही. ते आधी तपासावे. परंतु वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात 'डॉट-व्हिम' आणि त्यात 'डॉक' असे फोल्डर केले तर व्हिम तेथील पानेही मदतीत धरतो. 'हेल्पटॅग्ज' ही आज्ञा दिली की सूची तयार होते. त्यासाठी संगणकाच्या व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही. आपल्या वर्गाला लागणाऱ्या दहा आज्ञांचे एक मराठी पान कोणत्याही शिक्षकाला करता येईल. विद्यार्थ्यांनीच ते लिहिले तर अधिक चांगले, कारण कोठे अडते हे त्यांना अधिक ठाऊक असते.

वर्गात करण्याजोगे

परिसर-चलाचा गुण संगणकाशिवायही दाखवता येतो. शिक्षकांनी एका चिठ्ठीवर 'पुस्तक: खोली तीन' असे लिहावे. पहिल्या विद्यार्थ्याने ती उतरवून घ्यावी आणि आपल्या प्रतीत 'खोली पाच' असा बदल करावा. दुसऱ्याने पहिल्याची प्रत उतरवून घ्यावी. मग तिन्ही चिठ्ठ्या फळ्यावर लावून विचारावे: शिक्षकांची चिठ्ठी बदलली का? दुसऱ्या विद्यार्थ्याला पाच हा आकडा कोणी लिहिला हे चिठ्ठीवरून सांगता येईल का? चिठ्ठीत आणखी काय लिहायला हवे होते? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुले स्वतःच देतील, आणि ती बहुधा तारीख, नाव व कारण ही असतील. प्रयोगवहीचे नियम त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाहीत.

जेथे संगणक आहे तेथे एक काम आजच करता येईल. प्रत्येक संगणकावर 'व्हर्जन' ही आज्ञा देऊन कोरलेला पत्ता पाहावा, तो पत्ता खरोखर अस्तित्वात आहे का हे तपासावे, आणि तीन ओळींचा एक कागद भिंतीवर लावावा: मदत कशी मागायची, ती आली नाही तर कोणती आज्ञा द्यायची, आणि पुस्तक कोणत्या फोल्डरात आहे. कागदाखाली लिहिणाऱ्याचे नाव व तारीख असावी. संगणक बंद पडला तरी भिंतीवरचा कागद वाचता येतो.